कर्णधाराचं मत

मॅकअस्किलनं मत विचारलं तेव्हा ओरेस्ट ह्नातिउकनं गप्प बसायला हवं होतं. पण कर्णधाराला एक खोड लागलेली असते. कुणी मत विचारलं, की ते आपल्यापाशी असलंच पाहिजे असं त्याला वाटतं.

मॅकअस्किल म्हणजे कॅनडातल्या सॅस्काटूनच्या आइस हॉकी संघाचा व्यवस्थापक. वय अडतीस, शिक्षण वकिलीचं, बोलणं लोण्यासारखं. बर्फावर कधी कुणाच्या खांद्याचा धक्का खाल्लेला नाही, पण माणसं कुठून कुठं पाठवायची ते ठरवणार हा. ट्रेडची, म्हणजे संघांनी खेळाडू अदलाबदल करण्याची, मुदत शुक्रवारी दुपारी दोनला संपत होती, म्हणून सोमवारी सरावानंतर त्यानं ओरेस्टला वर बोलावून घेतलं आणि स्वतः कॉफी ओतून दिली. साहेबानं स्वतः कॉफी ओतली की समजून जावं.

त्यानं सगळं नीट मांडलं. यंदा आपण बाद फेरीत जात नाही. दक्षिणेतला एक संघ मात्र चषकाच्या दारात उभा आहे आणि त्यांना डाव्या बाजूला मुरलेला बचावपटू हवा आहे. आपल्याकडे असे दोनच, एक सदतीसचे तुम्ही आणि एक छत्तीसचा गार्नेट फेअर. त्यांना दोघांतला कुणीही चालेल. एवढं बोलून त्यानं ओरेस्टच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"मग कॅप्टन, ड्रेसिंग रूमचं काय मत पडेल?"

चषक ओरेस्टलाही हवा होता, कुणाला नको असतो? पण तीन महिने परक्या गावात हॉटेलात काढायचे आणि उन्हाळ्यात नव्या कराराच्या फोनची वाट बघत बसायचं, हे त्यानं पुष्कळांचं पाहिलं होतं. गरज सरो नि वैद्य मरो, हीच या धंद्याची रीत. त्याला इथंच, याच बर्फावर, छातीवर कर्णधाराचं 'सी' अक्षर असताना स्केट काढून ठेवायचे होते.

आणि गार्नेटलाही नेमकं तेच हवं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यानं कमी पैशात सही केली होती. 'माझ्या संमतीशिवाय मला पाठवायचं नाही' हे कलमसुद्धा मागितलं नव्हतं. आधीच्या व्यवस्थापकानं हात हातात घेऊन सांगितलं होतं, "तू इथूनच निवृत्त होशील," आणि त्या टेबलाशी ओरेस्ट बसलेला होता. गार्नेटचा बाप तासाभरावरच्या रॉस्थर्नच्या वृद्धाश्रमात. चाळीस वर्षं गावच्या रिंकवर खेळायचा बर्फ गोठवला त्या माणसानं, आता पोटच्या पोराचं नावही आठवत नाही. नर्स वस्तरा घेऊन आली की तिच्या हाताला चावतो. पण दर मंगळवारी गार्नेट दाढी करायला बसला की म्हातारा गुपचूप हनुवटी वर करतो. तेवढ्यासाठी गार्नेटनं सगळं सोडलं होतं.

हे सारं ओरेस्टला पाठ होतं. तरी तो म्हणाला, "गार्नेटला पाठवा. त्याचंच भलं होईल. सोळा वर्षं झाली, अजून चषकाला हात लागलेला नाही त्याचा."

"बदल्यात काय मागू?"

"नव्या पोरांच्या निवडीत दुसऱ्या फेरीचा हक्क मागा."

मॅकअस्किल हसला. उन्हाळ्यात नवी पोरं वाटून घेताना छत्तीस वर्षांच्या गुडघ्यांसाठी दुसऱ्या फेरीतला हक्क कोण सोडेल? चौथीतला देतील फार तर. त्यावर ओरेस्टला खरोखरच राग आला. गार्नेट आजही रात्रीला वीस मिनिटं खेळतो, सुसाट येणारी पकची चकती अंगावर झेलतो, आणि चौथी फेरी? त्यानं टेबलावर बोट आपटून आपटून मित्राचे गुण सांगितले आणि शेवटी तिसरीवर तोड निघाली. जिना उतरताना त्याला चक्क वाटलं, आपण गार्नेटसाठी भांडलो. माणसाला स्वतःची समजूत घालायला किती थोडं लागतं बघा.

बुधवारच्या सामन्याच्या यादीत गार्नेटचं नाव नव्हतं. कारण कुणी विचारलं नाही. विकायचा माणूस विकण्याआधी जायबंदी होऊ नये म्हणून त्याला बसवून ठेवतात, हे कालची पोरंही जाणतात. ती पोरं त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागली, जणू घरात कुणी आजारी आहे.

दोघं एकाच गल्लीत राहायचे, अकरा वर्षं एकाच गाडीनं रिंकवर यायचे-जायचे. त्या दिवशी गाडी ओरेस्ट चालवत होता. बाहेर उणे एकतीस. गार्नेट म्हणाला, "मला पाहुण्यांच्या कपबशांसारखं कपाटात ठेवलंय. पाहुणे येईपर्यंत वापरायचं नाही." स्वतःच थोडं हसला. मग बराच वेळ बापाबद्दल बोलत राहिला. लांब कुठं गेलो तर मंगळवारचं काय करायचं, बहीण कॅलगरीला, तिच्यानं काही होत नाही. ओरेस्टला पंधरा मिनिटं मिळाली होती आणि पंधरा मिनिटांत कितीतरी सांगता येतं. तो इंजिनाच्या हीटरची वायर खराब झालीय, ती बदलायला हवी, एवढंच बोलला.

शुक्रवारी सराव झाला. संध्याकाळी सामना होता, म्हणून पोरं जेवून डुलकी काढायला घरी गेली. दीड वाजता गार्नेटला वरून बोलावणं आलं. तो वीस मिनिटांत खाली आला तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये एकटा ओरेस्ट होता. तो मुद्दाम थांबला होता, निरोप देताना आपण असायला हवं म्हणून. कर्णधार ना तो.

गार्नेटनं मोठी बॅग ओढली आणि सामान भरायला घेतलं. आधी स्केट, मग हातमोजे. ओरेस्टनं हेल्मेट उचलून पुढं केलं. ते गार्नेटनं घेतलं.

"महिन्यापूर्वी मॅकअस्किलनं मला वर बोलावलं होतं," गार्नेट म्हणाला. "तुझ्याबद्दल विचारत होता. ओरेस्टला पाठवलं तर पोरांना कसं वाटेल, म्हणे."

ओरेस्टनं विचारलं, "मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, त्याला हात लावायचा असेल तर आधी माझा विचार करा. मी तुला सांगितलं नाही, उगाच झोप उडाली असती तुझी." त्यानं बॅगेत हॉकीच्या काठ्यांना गुंडाळायची टेप टाकली. "तुला विचारलं का रे त्यानं माझ्याबद्दल?"

"नाही," ओरेस्ट म्हणाला.

गार्नेटनं मान वर केली. त्याच्या तोंडावर राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. दहा-बारा तास रांगेत उभं राहून खिडकी बंद झाल्यावर माणूस दिसतो, तसा तो दिसत होता.

"मॅकअस्किलनं आत्ता सगळं सांगितलं मला. नाव कुणी सुचवलं तेही. स्वतःवर येऊ नये म्हणून सांगितलं असेल, तो तसलाच आहे. मी मनात म्हटलं, असू दे. खाली ओरेस्ट असेल, तो आपणहून सांगेल."

"गार्नेट, तुला चषक मिळावा म्हणून..."

"नको." त्यानं बॅगेची चेन ओढली. "तू नुसता घरी आला असतास. माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला असतास, गार्नेट, मला भीती वाटतेय, माझ्याऐवजी तू जा. मी गेलो असतो रे. बापाची काहीतरी सोय लावून गेलो असतो."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आपण दुसऱ्यांबद्दल किती सहज म्हणतो.

विमानतळावर सोडतो, असं तो कसंबसं म्हणाला. गार्नेटनं टॅक्सी बोलावली होती. बॅग त्यानं एकट्यानं दारापर्यंत ओढत नेली आणि ओरेस्ट मागून चार पावलं जाऊन थांबला.

साडेतीनला प्रशिक्षक संध्याकाळची यादी घेऊन आले. बाकावर ओरेस्टला बसलेला पाहून त्यांनी विचारलं, गार्नेटची वीस मिनिटं आज डावीकडे कोण खेळणार?

"मी आहे की," ओरेस्ट म्हणाला.