दंडांवर चढलेला माणूस

पाय मोडला तेव्हा पैलवान रडला नाही. आगीतला जिना ढासळून उजव्या नडगीचं हाड मोडलं, चौघांनी उचलून त्याला बंबात घातलं, तरी गडी चेष्टाच करत होता. "अरे काडीपेटी, माझे बूट सांभाळ. घालून मिरवू नकोस!" काडीपेटी म्हणजे त्याचा शिडीवरचा जोडीदार. अंगानं काडी आणि नोकरी आग विझवण्याची, म्हणून हे नाव.

प्लास्टर निघालं तेव्हा मात्र पैलवानाची वाचा बसली. आतून जो पाय निघाला तो त्याचा नव्हताच. फिकट, सालटं निघालेला, मांडी पिशवीसारखी लोंबणारी. कुणा आजारी म्हाताऱ्याकडून उसना आणल्यासारखा. त्यानं झटकन वर चादर ओढली आणि त्या दिवसापासून तो पाय कुणाला दाखवला नाही, स्वतःही धड पाहिला नाही.

फिजिओबाईंनी एक कागद दिला. आडवं पडायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, मांडी आवळून गुडघ्यानं ती गुंडाळी दाबायची, दहा मोजायचे, सोडायचं. असं वीस वेळा. सकाळ, दुपार, संध्याकाळ. केलं की चौकोनात बरोबरची खूण करायची. नेमका तसाच कागद सासूबाईंकडेही होता. त्यांचा गुडघा बदलला होता आणि त्या बरं व्हायला लेकीकडे आल्या होत्या. फ्रिजच्या दारावर दोन्ही कागद शेजारी शेजारी लागले.

पहिल्या दिवशी दोघं शेजारच्या खाटांवर पडले. सासूबाई मोठ्यानं मोजत होत्या. त्या दहावर पोचल्या तरी पैलवानाची मांडी हलली नव्हती. तो मनातल्या मनात ओरडत होता, आवळ, आवळ, आणि मांडी मळलेल्या कणकेसारखी ढिम्म. सत्तर वर्षांची बाई दहा मोजते, आणि लोकांना खांद्यावर घालून आगीतून आणणाऱ्याला तीन मोजवेनात!

"टॉवेलला काय दाबायचं? टॉवेलनं काय गुन्हा केलाय?" असं म्हणून तो उठला, आणि दाराच्या चौकटीत लावलेल्या दांड्याला जाऊन लोंबकळला.

मग दोन महिने दंडच दंड. दांड्याला लटकून हनुवटी वर, एका पायावर भार देऊन जोर, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन. शर्टाच्या बाह्या तटतटल्या. बायको सकाळी लाँड्रीत कामाला जाण्याआधी त्याच्याकडे बघायची आणि तिथल्या बायकांना सांगायची, "आमचे हे बसून राहणाऱ्यातले नाहीत." आणि हे काय करत होते? रविवारी पेन घेऊन अख्ख्या आठवड्याचे एकवीस चौकोन एका दमात भरत होते.

"जावईबापू, दंड पुरे झाले. पायाकडे बघा," सासूबाई म्हणायच्या.

"आई, तुमचं ऑलिम्पिक चालू द्या. पदक मिळालं की मला हार घालायला बोलवा."

त्या हसायच्या आणि पुन्हा मोजायला लागायच्या. एक, दोन, तीन.

परीक्षेचा दिवस उजाडला. पास झाला तर पुन्हा शिडीवर, नाही तर टेबलावर. अग्निशमन केंद्राच्या मैदानात शिडी लागली, काडीपेटीनं तळाशी पाय रोवून ती धरली. साहेबांच्या हातात पैलवानाचा कागद होता, चौकोन न् चौकोन भरलेला. "वा," साहेब म्हणाले.

अकरा वर्षं हाच पैलवान नव्या पोरांवर खेकसत आला होता, "शिडी पायांनी चढायची गाढवांनो, हात फक्त तोलाला!" आणि आज तो हातांनी चढला. एकेक पायरी दंडांनी ओढत. उजवा पाय मागून आपला फरपटत.

"पैलवान, हातांनी चढतोयस," काडीपेटी खालून कुजबुजला.

"गप."

वर पोचल्यावर साहेबांचा आवाज आला, "उजवा पाय अडकव. दोन्ही हात सोड. नळी घे."

शिडीवर काम करताना एक पाय पायऱ्यांमधून आत घालून मागे अडकवतात. अंगाचा भार मांडीवर राहतो आणि नळी धरायला हात मोकळे होतात. ज्याला हे जमत नाही त्याचं वर काही काम नाही. पैलवानानं पाय आत घातला. एक हात सोडला. मांडी थडथडायला लागली, मग नुसती थरथर, आणि दुसरा हात सोडण्याआधीच ती मेली. त्यानं शिडीला मिठी मारली. पाय मागे ओढावा तर तो अडकलेला, निघेना. कमरेला दोर होता, पडला नसता. पडायची भीती नव्हतीच. खाली सगळं केंद्र बघत उभं होतं.

दुसऱ्यानं शिडी धरली आणि काडीपेटी वर आला. छाती त्याच्या पाठीला टेकवली, हातानं तो मेलेला पाय सोडवला आणि सवयीनं, सुटका केलेल्या अनोळखी माणसाला म्हणतात तसं, कानाशी म्हणाला, "घाबरू नका. खाली बघू नका. मी आहे."

नका! जोडीदारानं जोडीदाराला!

साहेबांनी कागद पुन्हा पाहिला, मग त्याच्या मांडीकडे पाहिलं. "सोमवारपासून टेबलावर बसून फोन घे," एवढंच.

घरी जिन्यावर सासूबाई भेटल्या. एका हातात काठी, एका हातात भाजी. त्याला वर चढताना बघून हळूच म्हणाल्या, "चांगला पाय आधी वर, जावईबापू. दुखरा मागून." शिडीवरच्या माणसाला जिना शिकवत होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

बायको दारातच उभी होती. त्याचं तोंड बघून तिला कळलं. "नापास? असं कसं? रोज तीन-तीनदा केलंत तुम्ही!" तिनं फ्रिजवरचा चालू आठवड्याचा कागद ओरबाडला. "थांबा, त्या फिजिओबाईला जाऊन विचारते. आमचा माणूस इतकं मरमर करतो आणि ही बया चुकीचा व्यायाम देते! हा पुरावाच आहे माझ्याकडे." तिनं चपलाही घातल्या.

सोपं होतं. हो म्हणायचं, दोष बाईंवर ढकलून मोकळं व्हायचं. त्यानं सासूबाईंकडे पाहिलं. त्या भाजी टोपलीत काढत होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, दोन महिने त्याच खोलीत होत्या. वर बघितलं नाही.

"चपला काढ," पैलवान म्हणाला.

"का?"

"केलाच नाही. एकदाही नाही. खुणा खोट्या आहेत."

ती तशीच उभी राहिली, एक चप्पल पायात, एक हातात. "मी लाँड्रीत सगळ्यांना सांगत होते," ती म्हणाली. आवाज चढला असता तर बरं झालं असतं. चढला नाही.

त्याला जागच्या जागी गडप व्हावंसं वाटलं. पण गडप व्हायलाही पाय लागतात. तो खाटेवर बसला, पँट वर सरकवली आणि तो उसना, वाळका पाय पहिल्यांदा दोघींसमोर उघडा केला. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवली.

"मोजा आई," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

सासूबाईंनी भाजी खाली ठेवली. "एक," त्या म्हणाल्या. "दोन."

तीन आलं नाही, मांडी त्याआधीच सुटली. त्या थांबल्या, आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.