स्वतःहून हजर

माझी धाकटी जाऊ आणि मी एकाच नगरपालिकेत नोकरी करतो. ती उद्यान विभागात, मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात. पगार सारखा, घर एक, स्वयंपाकाचा ओटाही एक. सुट्ट्या मात्र सगळ्या तिच्या. रविवारी बागेत फुलांचं प्रदर्शन भरलं की ती कामावर जाते आणि त्या बदल्यात मधल्या वारी सुट्टी घेते. त्या बदली सुट्टीत ती माझ्या लेकीला पोहायला नेते, तिची वेणी घालते, तिची गुपितं ऐकते. मी काही विचारलं की लेक म्हणते, "काकूला माहीत आहे, तिला विचार." माझ्या पोटात कसं दुखतं ते माझं मलाच ठाऊक.

लेकीची पोहण्याची शर्यत शुक्रवारी होती. या वेळी काठावर मी उभी राहणार, असं मी ठरवूनच टाकलं होतं. माझ्याकडेही एक बदली सुट्टी होती ना! गेल्या रविवारी मुख्य जलवाहिनी फुटली, तेव्हा दिवसभर लोकांच्या शिव्या खात मीच फोन उचलले होते.

अर्ज घेऊन आस्थापनेच्या कारकुनाकडे गेले. त्यानं मान हलवली.

"बाई, तुम्ही स्वतःहून हजर झालात असं साहेबांनी कळवलंय. साहेबांनी बोलावलं तर बदली सुट्टी. आपण होऊन आलात तर ती सेवा."

"अहो, साहेबांचाच फोन आला होता!"

"हो, पण ते 'या' म्हणाले होते का?"

मी आठवून पाहिलं. साहेब म्हणाले होते, "पाइप फुटलाय हो, फोन नुसते खणखणतायत." पुढचं काही बोलायच्या आत मीच म्हणाले होते, "येतेच!" मेली माझी जीभ!

घरी हे ऐकून जावेनं कपाळावर हात मारला. "अहो ताई, असं कुठे म्हणतात का? आमचे साहेब म्हणतात, गर्दी फार आहे. मी म्हणते, हो का? ते म्हणतात, माणसं कमी पडतायत. मी म्हणते, अरेरे. 'या' म्हणेपर्यंत मी जागची हलत नाही. पण तुम्ही काळजी करू नका, शुक्रवारी मी जाते तिच्याबरोबर. माझी एक सुट्टी शिल्लक आहे."

शिल्लक! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जा की," एवढंच म्हणाले आणि भांडी अशी आपटली की नवरा मुकाट्यानं बाहेरच्या खोलीत जाऊन बसला.

शुक्रवारी ऐन कामातून उठले आणि साहेबांसमोर बिनपगारी रजेचा अर्ज टाकला. त्यांनी तोंड उघडेपर्यंत मी जिना उतरले होते.

धापा टाकत तलावावर पोचले तेव्हा शर्यत संपत आली होती. लेक दुसरी आली. काठावर जाऊ टॉवेल धरून उभी होती, मी दाराशीच. लेकीनं पाण्यातून डोकं वर काढलं, डोळे चोळले आणि तिला मी दिसले. ती अशी काही हसली की माझे हात आपोआप पुढे झाले.

ती बाहेर आली आणि तशीच निथळत काकूकडे धावली. तिचा हात ओढत ओरडली, "काकू, काकू, बघ ना, आई आलीये!"

आले होते मी. पण ती बातमीसुद्धा आधी तिलाच.