बावीस हात पुढं

१९३४ साली मी वडगावच्या मामलेदार कचेरीत कारकून होतो. माझा स्वभाव मुळात तिरसट, आणि मे महिन्यात तो आणखी बिघडतो. टेबलावर अर्जांचा ढीग पडलेला असताना साहेबांनी मला इंदुरीच्या अलीकडच्या एका वाडीवर गोठा मोजायला धाडलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं पुटपुटत मी साखळी आणि दप्तर उचललं.

स्वतःच्या रानात गोठा बांधायचा तर एरवी सरकार कुणाला काही विचारत नाही. पण हा गोठा घरांच्या फार जवळ होता आणि शेजाऱ्यानं हरकत घेतली होती. गोठा धोंडाबाईचा. नवरा वारल्यावर दोन म्हशी आणि एक बैलजोडी तिनं एकटीनं सांभाळली होती. हरकत घेणारा वाहिद नालबंद. त्याचं घर आणि भट्टी वस्तीच्या टोकाला. साहेबांचा हुकूम असा, की भट्टीपासून साठ हात अंतर असेल तर परवानगी, नसेल तर आठ दिवसांत गोठा मोडायचा.

मोजलं तर अडतीस हात भरले. मी दुसऱ्यांदा साखळी लावली, तरी अडतीसच.

धोंडाबाई गोठ्याच्या मेढीला, म्हणजे छपराच्या खांबाला, हात लावून उभी राहिली. बोलले ते वाडीतले जाणते महिपतीआबा.

"भाऊसाहेब, मोडलं की गेलं. छपराचं गवत वाळून कडक झालंय, सोडलं तर चुरा व्हईल. आता नवं गवत कुठनं आणायचं? मिरगाला बारा दिस ऱ्हायल्यात. आमच्या पावसात जनावर उघड्यावर ऱ्हायलं की खुरं सडत्यात, मग जनावरच जातं."

मला वाहिदचा संताप आला. गोठा उभा राहीपर्यंत गप्प बसायचं आणि मग कचेरीत अर्ज टाकायचा, ही कुठली माणुसकी? मी तसं त्याला तोंडावर विचारलं.

"मी हितं नव्हतोच," तो म्हणाला. "लोणावळ्याला बंगलेवाल्यांच्या घोड्यांना नाल माराय गेलतो."

मग सगळं बाहेर आलं. वाडीची रीत अशी, की काही बांधायचं तर आधी शेजाऱ्याच्या घरी नारळ द्यायचा. नारळ घेतला, की परवानगी मिळाली. वाहिदच्या बायकोनं, हुस्नबानोनं, तो घेतला. नको म्हणायला बिचारीची जीभ रेटली नाही. दुसऱ्या दिवशी अख्ख्या वाडीनं इर्जिक घातली, म्हणजे घरटी एक माणूस कामाला आला, आणि एका दिवसात गोठा उभा करून सगळे जेवून घरी गेले. कचेरी कुणाच्या ध्यानीमनी नव्हती.

"ठिणग्या माझ्या भट्टीच्या, भाऊसाहेब," वाहिद म्हणाला. "वारा पश्चिमेचा, सरळ त्या गवतावर जातो. माझं घर कौलारू हाय, मला काय व्हणार न्हाई. जळतील ती बांधलेली जनावरं. समद्यांना सांगून बघितलं. म्हनले, नारळ घेतलाय, आता बोलू नगंस. मग कागद केला."

मला माझीच लाज वाटली. पण हुकूम हुकूमच होता.

महिपतीआबांनी जरा विचार केला. "हुकमात गोठा मोडाच आसं हाय, का साठ हातांवर आसला तर चालंल आसं?"

"असला तर चालेल."

"मग न्हेतो की."

म्हातारा माझी चेष्टा करतो आहे असं मला वाटलं. पण आबांनी हाक दिली तशी घराघरांतून माणसं निघाली. बायका आल्या, पाठीत वाकलेले म्हातारेही आले. छपराखाली आडवे बांबू सरकवले, मेढींवरच्या गाठी कापल्या. आबा म्हणाले, "उचला." आणि अठरा हात लांबीचं ते छप्पर जागचं उठलं.

खंडाळ्याच्या घाटात दोन इंजिनं अख्खी गाडी रेटताना मी पाहिली आहेत. तेव्हा मी दप्तर खाली ठेवून बघत राहिलो नव्हतो. गवताच्या कडेखाली नुसते पाय दिसत होते, शंभरएक पाय, आणि सगळे एकदम पडत होते. कुणी ओरडत नव्हतं. नवरीला बोहल्यावर न्यावं तसं जपून ते छप्पर रानातून चाललं होतं. हे मी बघतोय यावर माझाच विश्वास बसेना.

मधल्या बांधावर एक कोपरा खचला. छप्पर कलंडलं, आतून कुणीतरी कण्हलं. वाहिदला कुणी बोलावलं नव्हतं. तो लांब उभा होता. तो धावला आणि त्या कोपऱ्याखाली शिरला. मीही साखळी टाकून त्याच्या मागे शिरलो. माझ्या खांद्यावर फार वजन आलं नाही, खोटं कशाला बोलू? पण छप्पर वर आलं ते मला खांद्यात कळलं, आणि तसं काही मला आयुष्यात पुन्हा कळलेलं नाही.

पुढं छप्पर जमिनीवर टेकवून जुन्या मेढी उपटून आणल्या, नव्या खड्ड्यांत रोवल्या, आणि दिवस कलायच्या आत ते त्यांवर चढवलं. मी मोजलं. साठ हात आणि वर एक वीत. परवानगीचा शेरा मी तिथंच लिहिला.

धोंडाबाईनं म्हशी आणल्या. पहिली म्हैस आत शिरली, नेहमीच्या कोपऱ्यात गेली आणि खाली हुंगत राहिली. तिचा खुंटा तिथं नव्हता. तो बावीस हात मागं, जुन्या जागी जमिनीत राहिला होता. म्हैस बसेना.

वाहिद मागं गेला. खुंटा हलवून हलवून त्यानं उपटला, भट्टीतला घण घेतला आणि गोठ्यात येऊन खाली बसला.

"वाहिदभाऊ, वाईच डावीकडं," धोंडाबाई म्हणाली. "तिला तितंच लागतो."

महिनाभरात ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती.