टेपच्या शेवटचं गाणं

वाशीत खलीलचं रेकॉर्डवरून कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं, आणि त्या दुकानाचा खरा वैरी म्हणजे कोरी टेप. गिऱ्हाइकं काय, एकेक वस्ताद! रेकॉर्डची बाजू चोवीस मिनिटांत संपली, कॅसेटची तीस मिनिटांची असली, की बोंब ठोकायची, "सहा मिनिटं खाल्लीस!" म्हणून उरलेल्या टेपवर खलील काहीतरी भरून द्यायचा. सगळेच दुकानदार तसं करायचे.

सत्त्याऐंशी सालातला रविवार होता. खलील आपली गिटार पुसत बसला होता. पाच वाजता ऑर्केस्ट्रावाला विलास ती विकत न्यायला येणार होता. खलील एकेकाळी स्वतः चाली बांधायचा. पण दोन वर्षांपूर्वी याच विलासने तोंडावर सांगितलं, "तुझ्या चालींना कुत्रंसुद्धा विचारणार नाही," आणि ते असं जिव्हारी लागलं की तेव्हापासून गिटार खुंटीवरच. बायको आबिदा म्हणाली, "वाजवायची नाय, तर ठेवायची कशाला?" तिचंही खरंच होतं. पण पुसताना त्याचा जीव तुटत होता.

साडेचारला नंदकिशोर आला. कांदा-बटाटा मार्केटात कारकून, आणि हॅरल्ड पाइक या विलायती रॉकवाल्याचा भक्त. भक्त म्हणजे कसला, फौजदारच! पाइकसाहेब गाणी लिहिणार तिकडे आणि न्यायनिवाडा हा करणार वाशीत.

"तू भरून दिलेला दहावा अल्बम ऐकला," बाकावर बसत नंदकिशोर म्हणाला. "म्हातारा ताळ्यावर आला एकदाचा. सातव्यात यंत्रं घुसवून वाट लावली होती. तिसऱ्यात व्हायोलिनं इतकी, की पंगतीत आग्रह करून करून जिलबी वाढावी तशी. पहिल्यात नुसता आरडाओरडा, पण मनापासून हां! आणि पाचवा..."

"पाचवा?" खलीलने विचारलं.

"पाचव्याचं ते शेवटचं! शब्द नाहीत, नुसती गिटार आणि घोगरी गुणगुण. आयुष्यभर ओरडलेल्या माणसाचे शब्द संपतात, तेव्हा असं निघतं. आई गेली ना माझी, तेव्हा महिनाभर तेवढंच ऐकलं मी. दहाही अल्बम एका पारड्यात घाल, ते गाणं भारी पडेल."

खलीलच्या हातातलं फडकं थांबलं.

नंदकिशोरने खिशातून लिफाफा काढला. "साहेबालाच पत्र लिहिलंय, तसं दुसरं का केलं नाहीत म्हणून. उद्या रजिस्टरने टाकतो. पाचव्याचं कव्हर दे जरा, मागचा पत्ता उतरवून घेतो."

आता आली का पंचाईत! रेकॉर्ड खलीलचा बोटीवर नोकरी करणारा मेहुणा इसाक याने परदेशातून आणलेली. कव्हरवर गाण्यांची यादी, आणि यादीत ते गाणं नव्हतंच. कव्हर दिलं तर चोरी उघडी, न द्यावं तर हा भला माणूस साता समुद्रापार हसं करून घेणार.

"भाऊ, रागवू नका," तो कसाबसा म्हणाला. "ते पाइकसाहेबाचं नाय. पाच मिनिटं टेप उरली होती, भरायला काय सापडेना. मीच माइक लावून गिटार वाजवली, गुणगुणलो. सर्दी झाली होती मला."

नंदकिशोर आधी हसला. मग खलीलचा चेहरा बघून उठून उभा राहिला. "तीन वर्षं! तीन वर्षं मी मार्केटभर सांगत फिरलो की पाइक थोर आहे! अरे, तुला लाज नाही वाटली?"

"वाटते ना," खलील खाली मान घालून म्हणाला.

नंदकिशोर पायरीपर्यंत गेला. तिथेच थांबला, नाक शिंकरलं, डोळे पुसले. परत आला तेव्हा त्याने लिफाफा गिटारीशेजारी आपटला. "घे. विचारलंय तुलाच. उत्तर तूच दे."

तेवढ्यात विलास आला. "काय, काढली का गिटार?"

"काढलीय," खलील म्हणाला, "पण द्यायची नाय."

विलास बडबडत गेला. खलीलने खुंट्या पिळून तारा सुरात आणल्या. बोटं पार आखडली होती, पहिला सूर चुकलाच.

"आज सर्दी नाही ना?" नंदकिशोरने विचारलं.

"नाय."

"मग जरा कठीण आहे," फौजदार बाकावर मांडी घालून बसला. "पण चल, ऐकव."