पिवळ्या खोलीतली कार्डं

आमच्या फरशीच्या कारखान्यात नक्षी काढणारी माणसं दोनच, मास्तर आणि मी. मला हाताला धरून शिकवलं ते मास्तरांनी. भट्टीच्या मागच्या खोलीत आमचं काम चालायचं. तिथे उकडायचं, नाकात धूळ जायची आणि कोपऱ्यात फुटक्या फरश्यांचा कमरेएवढा ढीग असायचा. मास्तर कागदावर कधीच सुरुवात करत नसत. उकिडवे बसून ढिगातले तुकडे जमिनीवर मांडायचे, स्टुलावर चढून वरून बघायचे, उतरून दोन तुकडे सरकवायचे, पुन्हा चढायचे. "फरशी माणूस उभ्याने बघतो," ते म्हणायचे, "मग मी ती नाकासमोर धरून कशाला काढू?" हे सगळं चिडचिड करत चालायचं. एखादा तुकडा मनासारखा बसेना की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. बसला की समजायचं, नक्षी झाली.

मग मालकांनी कारभार जावयाच्या हाती दिला. या जावईबापूंनी कुठल्याशा शिबिरात ऐकलं होतं, की मन प्रसन्न आणि जागा छान असली की माणसाला भराभर सुचतं. नुसतं ऐकून थांबले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक सल्लागार आणला. तो चहा सांडला तरी हसायचा, म्हणून त्याचं नाव पडलं हसतमुख. पंधरा दिवसांत भट्टीमागच्या खोलीला कुलूप लागलं आणि वरच्या मजल्यावर आमच्यासाठी 'कल्पनाकक्ष' उभा राहिला. पिवळ्या भिंती, पांढरा गालिचा, बसलं की उठायला दुसऱ्याचा हात लागेल अशा मऊ पिशव्या, आणि दिवसभर कुठूनतरी बासरी. फुटक्या तुकड्यांचा ढीग पसारा म्हणून ट्रकमध्ये भरून फेकून दिला. मास्तरांना कुणी विचारलंसुद्धा नाही. ज्या ढिगातून या माणसाने वीस वर्षं नक्षी काढली तो पसारा, आणि बासरी म्हणजे कामाचं सामान! माझं डोकंच फिरलं.

दारापाशी एक पेटी ठेवली होती. रोज सकाळी कार्डावर आपला मूड लिहून त्यात टाकायचा. मी पहिल्याच दिवशी 'आनंदी' लिहिलं. मागे कटकट नको, एवढाच हिशोब. मास्तरांनी लिहिलं, 'चिडलेला'. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

"अहो मास्तर, काहीतरी गोड लिहा ना. कोण तपासणार आहे?"

"विचारलंय ना त्यांनी? मग विचारलेल्याचं उत्तर नको द्यायला?"

त्यांनी चार-पाच तुकडे मागून पाहिले. गालिच्यावर ओरखडे येतील, असं उत्तर आलं. मग ते टेबलाशी कोरा कागद घेऊन बसायचे. पेन्सिल हातात असायची, पण ती कागदाला टेकायची नाही. स्टुलावर चढून बघायला खाली काही नव्हतंच. तीन महिन्यांत त्यांची एकही नक्षी झाली नाही.

माझ्या मात्र तीन झाल्या. पण कुठे झाल्या, ते ऐका. जेवणानंतर मी चहाच्या नावाखाली पॅकिंगच्या शेडमध्ये जायची. तिथे पत्रा तापलेला, खोक्यांवर ठोकाठोक, पॅकिंगवाल्या बायकांची एकमेकींशी जुंपलेली. मी उलट्या खोक्यावर बसायची, संतापाने धुमसत, आणि हात आपोआप चालायला लागायचा. जे सुचलं ते तिथे. हसतमुखाने मात्र त्या नक्ष्या पिवळ्या भिंतीवर टांगल्या आणि खाली पाटी लावली, 'कल्पनाकक्षाची निर्मिती'. येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे माझं कौतुक व्हायचं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? मास्तरांनाही शेडमध्ये घेऊन जावं असं कितीदा तरी मनात आलं. पण दोघंही गायब झालो तर लक्षात येईल, म्हणून मी गप्प बसले.

मग एका सोमवारी सकाळी जावईबापूंनी आम्हाला बोलावलं. टेबलावर दोन गठ्ठे होते, एक माझ्या कार्डांचा आणि एक मास्तरांच्या.

"खोली तीच, सोयी त्याच," जावईबापू म्हणाले. "बाई रोज आनंदी, त्यांच्या तीन नक्ष्या. तुम्ही रोज चिडलेले, तुमचं शून्य. आता मास्तर, दोष खोलीचा की तुमचा?"

"माझे तुकडे परत द्या. महिन्याभरात नक्षी देतो."

"बघा, हीच ती नकारात्मकता!" हसतमुख हसतच म्हणाला. मला वाटलं, ती पेटी उचलून त्याच्या डोक्यात घालावी.

जावईबापू माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा. त्या खोलीत काम करायला तुम्हाला काही त्रास होतो?"

मास्तर माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडात सगळं आलं होतं, शेड, खोकं, सगळं.

"नाही," मी म्हणाले.

जावईबापूंनी खणातून मास्तरांना कामावरून कमी केल्याचं पत्र काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. मास्तरांनी ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि बाहेर पडले.

मी मागोमाग धावले. ते जिन्यापाशी चपला घालत होते.

"मास्तर, मी खोटं लिहीत होते. नक्ष्या मी त्या खोलीत काढल्याच नाहीत."

"माहीत आहे. तुझ्या कागदाला पॅकिंगचा भुसा चिकटलेला असायचा. मीच झटकायचो, कुणाला दिसू नये म्हणून."

"मग आत बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तूही गेली असतीस. सुचतंय ना तुला तिथे? मग काढत राहा." आणि ते जिना उतरायला लागले.

मी परत फिरले आणि दार न ठोकता जावईबापूंच्या खोलीत घुसले. आवाज केवढा चढला होता ते मलाच नंतर कळलं. "माझी सगळी कार्डं खोटी आहेत! तुमच्या त्या खोलीत मला एक रेघ सुचलेली नाही. तिन्ही नक्ष्या मी पॅकिंगच्या शेडमध्ये काढल्या, उकाड्यात, गोंगाटात, तुमच्यावर चिडून! त्या माणसाचा ढीग तुम्ही फेकून दिलात आणि वर त्यालाच विचारता, सुचत का नाही? बोलवा त्यांना परत!"

जावईबापू म्हणाले, "बाई, दहा मिनिटांपूर्वी मी तुम्हाला हेच विचारलं होतं. तेव्हा सांगितलं असतंत तर हे पत्र मी खणातून काढलंच नसतं. आता परत घेतलं तर उद्या माझं ऐकणार कोण?"

 

हसतमुखाने तेवढ्यात वही उघडली होती. "बाई, त्या शेडच्या भिंतींना सध्या कोणता रंग आहे?"

खिडकीतून मास्तर फाटकाकडे जाताना दिसत होते, आणि त्यांना हाक मारायला मला तोंड उरलं नव्हतं.