न विचारलेलं गाव

"नाल्याचं पानी पिऊ नोका, बाई. उकळलेलंच प्या. बूट घालाच्या आधी झटकून पाहा, इच्चू रायते त्यात. अन् गवतातून चालतानी काठी आपटत चाला."

पांढरकवड्याच्या सरकारी दवाखान्यातली आया सत्यभामा हातवारे करकरून सांगत होती आणि सायकलला पिशवी अडकवत करेनबाई "अच्छा, अच्छा" म्हणत होत्या. डेन्मार्कहून आलेली ही तरणी नर्स गावोगाव फिरून पोरांना क्षयाची लस टोचत होती. नवख्या मुलखातल्या या पाहुणीला जपायचं काम डॉक्टरसाहेबांनी सत्यभामेवर सोपवलं होतं. आणि बाई मोठी गुणाची, सांगितलेलं तंतोतंत पाळायची.

बाईंनी पायडलवर पाय ठेवला. कोणत्या गावाले, असं सत्यभामेच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ओठ मिटून घेतले. निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारू नये, हे तर साऱ्या मुलखात मानतात. पण सत्यभामेनं ते भोगलं होतं. सात वर्षांपूर्वी नवरा घरातून निघाला तेव्हा तिनं मागून हाक घातली होती, "कुठी चालले?" संध्याकाळी हैदराबादच्या सडकेवर ट्रकखाली सापडलेलं त्याचं प्रेत बंडीतून घरी आलं. दुसऱ्या वर्षी, छप्पन्न साली, तिनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. घरातले देव नदीत सोडले, उपासतापास सोडले. सुंभ जळला, पण हा एक पीळ काही जाईना.

रोज बारापर्यंत परत येणाऱ्या बाई तीन वाजले तरी आल्या नाहीत.

"कोणत्या गावाला गेल्यात?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

"मले नाई मालूम, साहेब."

"विचारलं नाहीस? का नाही विचारलं?"

काय सांगणार, कपाळ! चार दिशांना चार वाटा, आणि जीप एकच. साहेब वणीच्या वाटेनं गेले. सत्यभामा पायीच जंगलाच्या वाटेला लागली. विचारलं तर माणूस जाते, नाही विचारलं तरी जाते, मग करावं तरी काय बाईमाणसानं, असं बडबडत ती जवळजवळ पळतच होती.

वाटेत तांड्यावरचा धावजी बंडी घेऊन येताना दिसला.

"गोरी बाई दिसली का, भाऊ?"

"बाई नाई दिसली. सायकल पडून हाये नाल्यावर," धावजी म्हणाला. "म्या लय हाका मारल्या. परवा तिथूनच माहा गोऱ्हा नेला ना वाघानं! मी मानसं आनाले चाललो."

"फिरव बंडी! मानसं मंग आन," म्हणत सत्यभामा बंडीत चढली.

नाल्याच्या काठावर सायकल आडवी पडली होती. लशीच्या शिश्या फुटून सांडल्या होत्या. खाली दाट झुडपं. तेवढ्यात खालून टक टक आवाज आला. बाई दगडाला टेकून बसल्या होत्या. घोटा सुजून टम्म झाला होता आणि हातातली काठी त्या जमिनीवर आपटत होत्या. ओठ उन्हानं फाटले होते, घशातून धड शब्द निघत नव्हता. हातभर अंतरावर पाणी खळाळत होतं.

"पानी नही पिया," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "तुमने बोला."

सत्यभामेनं तिला छातीशी धरलं आणि हंबरडा फोडला. सांगितलेलं सारं पोरीनं पाळलं होतं, अन् आपण मात्र एवढंसं विचारलं नव्हतं.

संध्याकाळी साहेबांपुढे तिनं कारण सांगून टाकलं. ते रागावलेले होतेच.

"तू तर दीक्षा घेतलेली, सत्यभामा. असलं मानतेस?"

"मानत नाई, साहेब," ती खाली मान घालून म्हणाली. "भेव वाटते."

पंधरा दिवसांनी बाईंचा पाय बरा झाला. सकाळी त्यांनी सायकल बाहेर काढली. सत्यभामा पुढे झाली आणि तिनं हँडल धरलं.

"बाई," ती म्हणाली, "कुठी चालल्या?"

"मोहदा," करेनबाई हसून म्हणाल्या. "दो बजे वापस."

सत्यभामेनं मान हलवली. पण हँडलवरची मूठ काही तिला सोडवेना. करेनबाईंनी घाई केली नाही. थोड्या वेळानं सत्यभामेनं एकेक बोट सोडवत हात काढून घेतला.

त्या दिवशी दोन वाजेपर्यंत वॉर्ड झाडायचा राहिला. साहेब दोनदा फाटकापर्यंत आले, तिला तिथं बसलेली पाहून परत गेले.