बेल्मीरोने उघडलेली पुस्तिका

मार्चच्या शेवटच्या रविवारी सगळ्या पोर्तुगालने घड्याळं एक तास पुढे केली. रिबादाल गावच्या चर्चची घंटा मात्र जुन्या वेळेला चिकटून बसली आणि दुपारचे बारा एक वाजता वाजवू लागली. शेतातली माणसं जेवायला तासभर उशिरा घरी यायला लागली, आणि घरोघरी सूप गार व्हायला लागलं.

चर्चची सगळी व्यवस्था बेल्मीरोकडे होती. तीस वर्षं त्याने दोरी ओढून घंटा वाजवली होती. पुढे दोरी गेली आणि विजेवर चालणारी पेटी आली. त्या पेटीला वेळ शिकवायचा प्रोग्राम चर्चमागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये होता. तो कॉम्प्युटर हिवाळ्यात वीज पडून जळाला. त्याच्या जागी दुसरा आला, पण त्यात घंटेचं काहीच नव्हतं.

“जमेल ना बेल्मीरो?” फादर अबीलियोंनी विचारलं. “नाहीतर एखादा माणूस बोलावू.”

“मग मी कोण आहे, फादर?” बेल्मीरो म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

इंटरनेटवर त्याने घंटेच्या पेटीचं नाव टाकलं. एका पानावर भलंमोठं हिरवं बटण होतं. ते दाबल्यावर एक फाइल आली. वर कागदाचं चित्र, खाली ‘घंटा-पुस्तिका पीडीएफ’ असं नाव. प्रोग्राम नाही तर नाही, निदान पुस्तिका तरी मिळाली, असं म्हणत त्याने ती उघडली. कॉम्प्युटरने विचारलं, या फाइलला तुमच्या मशीनमध्ये बदल करू द्यायचे का? बेल्मीरोने ‘हो’ म्हटलं. कॉम्प्युटर काहीबाही विचारत असतो, आणि हो म्हटलं की गप्प बसतो, असा त्याचा अनुभव होता. पण पुस्तिका काही उघडली नाही. म्हणून त्याने तिच्यावर आणखी तीनदा क्लिक केलं, दर वेळी हो म्हटलं आणि घरी गेला.

गुरुवारी चौऱ्याण्णव वर्षांच्या देओलिंदाबाईंची अंत्यविधीची प्रार्थना होती. ऑर्गन वाजवणारा फ्रान्सला गेल्यापासून संगीत त्याच कॉम्प्युटरवरून चर्चच्या स्पीकरवर लागायचं. फादरांनी डोळे मिटले, सगळीकडे शांतता पसरली आणि स्पीकरमधून एक बाई आनंदाने ओरडली, “अभिनंदन! लाखो लोकांमधून तुमची निवड झाली आहे! बक्षीस लगेच घ्या!”

बेल्मीरो धावला. पोचेपर्यंत निवड आणखी दोनदा झाली होती.

त्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. प्रार्थना संपल्यावर तो हात जोडून देओलिंदाबाईंच्या मुलीसमोर उभा राहिला. ती डोळे पुसत होती, पण खांदे हसण्याने हलत होते. “राहू द्या हो,” ती म्हणाली. “आई साठ वर्षं लॉटरी घेत होती. एकदा तरी निवड झाली बिचारीची!”

दुपारी इदालिना आली. ही बेल्मीरोच्या बायकोची धाकटी बहीण, गावच्या वाचनालयात कामाला. आल्या आल्या तिने इंटरनेटची तार उपटली.

“दाजी, काय उघडलंत?”

“पुस्तिका.”

“पुस्तिका अशी बोंबलते?”

“मला काय माहीत! नाव तर पुस्तिकाच होतं.”

इदालिनाने कॉम्प्युटरच्या सेटिंगमधल्या एका चौकटीत खूण केली. फाइलच्या नावाचं लपलेलं शेपूट दिसायला लागलं: पीडीएफच्या पुढे आणखी एक टिंब आणि ईएक्सई.

“तुमचं पूर्ण नाव काय, दाजी?”

“बेल्मीरो आंतुनेस द सा किंतेला. तुला माहीत नाही होय?”

“मग तुम्ही कोणाचे?”

“किंतेलांचा. शेवटचं आडनाव बापाचं.”

“इथेही शेवटचंच बघायचं. मधली नावं कोणी काहीही लावेल. शेवटी ईएक्सई म्हणजे ती वाचायची चिठ्ठी नव्हे, कामाला लागणारा प्रोग्राम. चिठ्ठी टेबलावर पडून राहते. हा आत शिरून सांगितलेलं काम करतो, आणि ते कोणी सांगितलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. तुम्ही तर हो म्हणून त्याच्या हातात किल्ल्याही दिल्यात. तेही चारदा!”

“दर वेळी एकच हो होतं,” बेल्मीरो पुटपुटला.

“ताईला लग्नासाठी विचारलंत तेव्हा ती एकदाच हो म्हणाली. अजून निस्तरतेय.”

तिने कॉम्प्युटर पार पुसून नव्याने भरला आणि वाचनालयातून चर्चच्या ईमेलचा पासवर्ड बदलला. खरा प्रोग्राम आणायचा तर घंटेची पेटी बसवणाऱ्याकडूनच, असं तिचं म्हणणं. तेओतोनियो नावाचे ते गृहस्थ ब्रागा शहरात राहत होते, वय एक्याऐंशी. प्रोग्राम त्यांनी स्वतःच लिहिला होता आणि जपूनही ठेवला होता. पाठवला, पण बजावलं, “फाइलचा ठसा जुळवल्याशिवाय हात लावायचा नाही. मी वाचतो, तुम्ही बघा.”

ठसा म्हणजे फाइलवरून कॉम्प्युटरने काढलेली चौसष्ट अक्षरं आणि आकडे. वाटेत फाइलचा एक कण जरी बदलला, तरी ठसा जुळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात फोन स्पीकरवर ठेवून बेल्मीरो पडद्याला नाक लावून बसला.

“सात. बी ब्रागाचा. शून्य. एफ फातिमाचा. ई एव्होराचा.”

“हो. हो. हो. हो… थांबा, इथे डी आहे!”

“तुम्ही खालच्या ओळीत गेलात, किंतेलासाहेब.”

पुन्हा पहिल्यापासून. दारात उभ्या असलेल्या फादरांनी ऐकलं आणि म्हणाले, “माझ्या जपमाळेच्या प्रार्थनेलाही इतकं मन लावून उत्तर देत जा.”

ठसा जुळला. इदालिनाने फाइल अँटीव्हायरसने तपासली आणि वाचनालयातल्या जुन्या लॅपटॉपवर, इंटरनेटशिवाय, आधी चालवून पाहिली. मग चर्चच्या कॉम्प्युटरवर आणली. बेल्मीरोने क्लिक केलं, आणि पडद्यावर आलं: हा प्रोग्राम कोणी बनवला ते माहीत नाही, सावधान.

बेल्मीरोने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

“आता का?” इदालिनाला हसू आवरेना. “परवा बाणासारखे सुटला होतात!”

“अगं, माहीत नाही म्हणतोय.”

“त्याला माहीत नाही. तेओतोनियोंनी त्यावर कंपनीचा सही-शिक्का घेतलेला नाही, एवढंच तो सांगतोय. आपल्याला माहीत आहे का कोणाचा आहे?”

“आहे.”

“कुठून आला?”

“त्यांच्याकडूनच. अक्षरन् अक्षर जुळवलंय मी.”

“मग चालवा. पण असंच विचारत जा, दर वेळी.”

प्रोग्राम उघडला. बेल्मीरोने स्वतःच्या हाताने तास पुढे केला.

जाता जाता इदालिनाने कॉम्प्युटरवर त्याच्यासाठी साधं खातं उघडलं. त्यात नवा प्रोग्राम घालायचा तर पासवर्ड लागे, आणि तो तिच्याकडे होता.

“म्हणजे माझ्यावर विश्वास नाही!”

“घंटेच्या बाबतीत आहे. बटणांच्या बाबतीत नाही.”

“आणि तू गावात नसलीस तर?”

“तर उद्यापर्यंत थांबायचं, दाजी. काही बिघडत नाही.”

तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात वर घंटेचे बाराचे ठोके सुरू झाले, तेही बारा वाजता. बेल्मीरोने सगळे मोजले. मग टोपी घातली, इदालिनासाठी दार धरून उभा राहिला आणि म्हणाला, “चल जेवायला. ताईला मात्र तू काही सांगायचं नाहीस.”

“ताई काल चर्चमध्येच होती हो,” इदालिना म्हणाली. “पहिल्या बाकावर.”